गणपूर्तीअभावी

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मालेगाव कॅम्पात दरवर्षी एक चमत्कार होतो. सकाळी दहा वाजता जी सभा नियमाने भरूच शकत नाही, ती साडेदहाला नियमानेच भरते. मधल्या अर्ध्या तासात एकही माणूस वाढलेला नसतो. उलट एक कमी झालेला असतो, कारण फोटोग्राफरला दुसरीकडे साखरपुडा असतो.

चमत्काराचा मंत्र नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला असतो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. मराठी माणसाने लोकशाहीला जे काही दिलं त्यात या वाक्याचा नंबर फार वर लागावा. आलात तर तुमच्यासह, नाही आलात तर तुमच्यावाचून, पण ठराव मंजूर.

माझा धंदा करसल्लागाराचा. कॅम्प रोडला जिन्याखाली ऑफिस. खुर्च्या तीन, त्यातली बसण्याजोगी एक, तिच्यावर मी. गावातल्या डझनभर संघटना, मंडळं, पतसंस्था, ट्रस्ट यांचे हिशेब माझ्याकडे येतात आणि हिशेबाच्या पिशवीत तळाशी इतिवृत्ताची वही हमखास सापडते. ‘साहेब, तेवढं सभेचंही लिहून टाका, तुमची भाषा चांगली आहे.’ भाषा म्हणजे काय, तर ‘साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’. साधक कोण होता आणि बाधक कोण, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. सूचक आणि अनुमोदक ठरलेले. एका संस्थेचे कायमचे अनुमोदक मध्ये वारले. पुढच्या सभेत त्यांच्या श्रद्धांजलीचा ठराव झाला आणि त्यालाही अनुमोदक म्हणून त्यांचंच नाव पडलं. चूक टायपिस्टची. वर्ष झालं, कुणाच्या लक्षात आलेली नाही. म्हणजे इतिवृत्त ‘वाचून कायम’ करण्यात आलं, त्यातलं फक्त कायम करणं तेवढं खरं.

यंदा आमच्या एका व्यापारी संघटनेने हा प्रश्न मनावर घेतला. अध्यक्षांचा भाचा पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आलेला. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. बाण, वर्तुळं, आणखी बाण. ‘आपल्याला मेंबर एंगेज करायचा आहे,’ तो म्हणाला. मागच्या रांगेतले अण्णा सत्तरीचे. ते म्हणाले, ‘बाळा, आमच्या वेळी एंगेज लागायचा तो फोन. आणि एंगेज लागला की माणूस ठेवून द्यायचा.’

भाचा हरला नाही. सदस्याचा प्रवास, सदस्याला मिळणारं मूल्य, सदस्याचा अनुभव, असं बरंच बोलला. व्हॉट्सॲपचा ग्रुप किती ‘जिवंत’ आहे याचा आलेख त्याने काढला होता. आलेख खरोखर उंच होता. मी घरी येऊन ग्रुप वर सरकवून पाहिला. सुप्रभात, वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, सुप्रभात, एक हरवलेली म्हैस, भावपूर्ण श्रद्धांजली. ज्यांना श्रद्धांजली त्यांचा नंबरही ग्रुपमध्ये अजून आहे. मुलगा त्याच मोबाइलवरून ‘आभारी आहे’ म्हणतो आणि नव्या सभासदांची दातखीळ बसते.

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. ‘जेवण ठेवा.’ हा तोडगा आपल्याकडे प्रत्येक प्रश्नावर आहे आणि तो दरवेळी अर्धाच चालतो. चहा-बिस्किटावर दहा माणसं येतात, समोशावर वीस, शेवभाजी-पुरीवर सगळे. फक्त शेवभाजीला येणारे शेवभाजीच्याच वेळी येतात. गणपूर्ती पंगतीत होते, सभेत होत नाही. मी एकदा सुचवलं होतं की ठराव वाढप्याच्या हाती द्यावेत, पुरीबरोबर एकेक वाढत जाईल. कुणी हसलं नाही. दोघांनी गंभीरपणे मान हलवली.

हे गाव मुळात एका दिवशी एकत्र बसवणं अवघड, हेही सांगितलं पाहिजे. मोसम नदीच्या एका अंगाला यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारी. दुसऱ्या अंगाला कॅम्प, संगमेश्वर, इकडची कचेऱ्या-दुकानं रविवारवाली. दोन्हीकडच्या माणसांची एकत्र संघटना काढली की पहिला वाद तत्त्वाचा नसतो, वाराचा असतो. शुक्रवारी घेतली तर इकडचे ‘धंद्याचा दिवस’ म्हणतात, रविवारी घेतली तर तिकडची खडखड चालू. मग सभा मंगळवारी ठरते, जेव्हा दोघांनाही वेळ नसतो, आणि समानतेचं तत्त्व टिकतं.

सभासद सभेला येत नाही, ही अडचण सरकारलाही ठाऊक आहे. २०१३ मध्ये आपल्या १९६० च्या सहकार कायद्यात ‘क्रियाशील सभासद’ आला. क्रियाशील कोण? इतर अटींबरोबर एक अशी होती की जो पाच वर्षांतून निदान एकदा वार्षिक सभेला हजर राहतो तो. पाच वर्षांतून एकदा! जत्रेला माणूस यापेक्षा जास्त वेळा जातो. तरीही या अटीने राज्यभर घाबरगुंडी उडाली, कारण क्रियाशील नसाल तर मत जाणार होतं. पुढे या अटीवरून सरकारांची बरीच ओढाताण झाली, ती राजकारणाची गोष्ट, सोडून देऊ. मला आठवतो तो त्या वर्षीचा दरवाजा. सभागृहाच्या दारात टेबल, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरला सुतळीने बांधलेलं पेन. सभासद मोटारसायकलवरून येत, एक पाय जमिनीवर टेकवत, इंजिन चालू ठेवून सही करत आणि पुढची पाच वर्षं क्रियाशील होऊन जात. एकाने तर विचारलं, ‘पुढच्या खेपेचीही आत्ताच करून ठेवू का?’

त्याच वेळी कायद्यात आणखी एक कलम घुसलं, चोवीस-अ. प्रत्येक सहकारी संस्थेने आपले सभासद, पदाधिकारी आणि नोकर यांना सहकाराचं शिक्षण आणि प्रशिक्षण द्यायचं. कलम उत्तम आहे. मी पाहिलेलं एक प्रशिक्षण सांगतो, संस्था कोणती ते विचारू नका. व्याख्याता दोन तास सभासदांची कर्तव्यं सांगत होता आणि समोर बसले होते संचालक, कारण सभासद आलेच नव्हते. संचालकांनी सभासदांची कर्तव्यं फार मन लावून ऐकली. हक्क सांगायला वेळ उरला नाही.

आता जरा मागे जातो. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. निमित्त होतं पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींचं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्या खटाटोपात पुढे. तिथे नियम असा की ज्याला सभासद व्हायचंय त्याने निदान पन्नास लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. वर्गणी भरली, पावती घेतली, ओळखपत्राला फोटो दिला, असं नाही. पन्नास जणांनी ‘आमच्या वतीने हा बोलेल’ असं लिहून द्यायचं, मग आत पाऊल. म्हणजे सभासद एक आला तरी त्याच्या मागे पन्नास उभे. आज पन्नास सभासदांच्या मागे एक उभा असतो, शिपाई, आणि त्याच्या हातात ते सुतळीचं पेन असतं.

आपल्याकडे सभासदत्वाचा सर्वोच्च प्रकार आहे तो आजीव. एकदाच पैसे भरायचे, मग मरेपर्यंत यायचं नाही.

सभासद येत नाही म्हटल्यावर त्याला शिकवून आणावा असा विचार निघाला, आणि शिकवणं मोजायचं कसं हा प्रश्न आला. तास मोजणं सोपं, म्हणून सभांबाहेर, नोकरी-धंद्यातही तेच. डॉक्टरांना दर पाच वर्षांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर निरंतर शिक्षणाचे ३० गुण लागतात. व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालांना तीन वर्षांत १२० तास. शिक्षकांसाठी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला ५० तासांची अपेक्षा लिहून ठेवली आहे. मुळात यात गैर काही नाही. माझा दात उपटणारा माणूस पाच वर्षांत काहीतरी नवं शिकला असावा असं मलाही वाटतं. पण तास मोजायला लागलं की माणूस तासच भरतो. आम्ही हिशेबवाले हे ओळखतो, आम्हीही आयुष्यभर रकानेच भरलेत.

माझे एक डॉक्टर मित्र आहेत. रविवारी पहाटे उठून राहुड घाट, चांदवडचा टोल, असं करत नाशिकला परिषदेला जातात. दिवसभर बसायचं, दोन गुण घ्यायचे, रात्री परत. गेल्या खेपेला जेवणानंतरचं पहिलं व्याख्यान मधुमेहावर होतं आणि जेवणात गुलाबजाम. ‘किती जण जागे होते?’ मी विचारलं. ‘बोलणारा होता,’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘पण चहाच्या वेळी एकाने मला एक्सरे दाखवला मोबाइलवर. त्याच्या गावाकडचा पेशंट. पाऊण तास आम्ही चौघं जिन्यात उभे होतो. त्यातून मी जे शिकलो ते…’ पुढे ते काही बोलले नाहीत. जिन्याला गुण नसतात.

याच डॉक्टरांना मी २०२० चा एप्रिल-मे आठवून दिला. करोनाने मालेगावची पार दैना केली होती, टीव्हीवर रोज गावाचं नाव, आणि रस्ते असे की कॅम्पातून किल्ल्यापर्यंत कुत्रंही अडखळत नव्हतं. तेव्हा कुणी परिषद भरवली नव्हती. डॉक्टर रात्री अकराला फोनवर बसत. मुंबईतला वर्गमित्र, धुळ्यातला ज्युनियर, पुलापलीकडचे युनानीवाले हकीम, ज्यांच्याशी वीस वर्षांत नमस्कारापलीकडे गेलं नव्हतं. मन्सुऱ्यातल्या युनानी कॉलेजच्या काढ्याचं नाव तेव्हा देशभर झालं. त्याचा उपयोग किती, यावर वाद घालणारे घालोत. मला एवढंच दिसलं की रात्री अकराची ती मंडळी कधी तहकूब झाली नाहीत. गुण शून्य, प्रमाणपत्र शून्य, जेवण तर सोडाच, बायका घरात घेत नव्हत्या.

आमच्या घरचं सांगू? सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत. शिक्षकांना बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणी, आणि दोन्हींच्या आधी प्रशिक्षण. शिवाय मधूनमधून मोबाइलवरचे अभ्यासक्रम येत राहतात. त्यातल्या एकाची कथा. संध्याकाळी मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवलेला. त्यात एक बाई अतिशय सावकाश बोलतायत. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही, ती सोय बंद करून ठेवलेली. सौ. भाकरी थापतेय. बाई म्हणतात, ‘आता क्षणभर डोळे मिटून आपलं बालपण आठवा.’ सौ. तव्यावरची भाकरी उलटते. मी म्हटलं, ‘आवाज तरी कमी कर.’

‘अहो, गप्प बसा जरा,’ ती म्हणाली. ‘मी आनंददायी अध्ययन करतेय.’

शेवटी प्रश्नावली. उत्तरं व्हॉट्सॲपवर आदल्या रात्रीच येऊन पडलेली, एक ब, दोन क, तीन क, चार अ. हे काम मात्र शिक्षकांनी संघटितपणे, वेळेवर आणि तालुकाभर केलं होतं. भाच्याला सांगायला पाहिजे, एंगेजमेंट म्हणतात ती ही.

आणि तीच सौ. मध्ये एका केंद्राच्या शिक्षण परिषदेहून आली ती रिकाम्या बाटल्यांची बुचं गोळा करायला लागली. कुठल्याशा वस्तीशाळेतल्या एका तरुण मास्तरने जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात बसून तिला बुचांवर भागाकार दाखवला होता. बाकी उरते म्हणजे काय, ते पोराच्या हातात बूच उरल्यावर कळतं म्हणे. आतल्या सभागृहात त्या वेळी काय विषय होता ते तिला आठवत नाही. आमच्या घरात आता सोड्याची बाटली आली की आधी बुचाची विचारणा होते.

म्हणजे माणसं शिकत नाहीत असं नाही, संघटना करत नाहीत असंही नाही. आमच्याच नाशिक जिल्ह्यातली द्राक्षवाली मंडळी बघा. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० पासून आहे, आणि तो संघ द्राक्षावरचं मासिक काढतो. ते वाचलं जातं, हा त्यातला गंमतीचा भाग. शेतकरी मासिकाच्या कडेला पेनाने आकडे लिहितो. त्यांची शिवारफेरी निघाली की गाड्या लागतात रस्त्याच्या दोन्ही अंगांना आणि माणसं दुसऱ्याच्या बागेत शिरून घड हातात धरून भांडतात. छाटणी कधी घेतली, किती काड्या ठेवल्या, फवारा कुठला. तिथे रजिस्टर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, पण गणपूर्ती अशी असते की बांध मोडतो. एक चुकीची छाटणी म्हणजे वर्ष गेलं. वर्ष जाणार असलं की व्याख्यानात झोप लागत नाही.

आमच्या कसमाद्यात डाळिंब. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, चारही तालुक्यांत डाळिंबाने बंगले उभे केले आणि तेल्याने त्यातले काही अर्धवट ठेवले. तेल्या म्हणजे फळावर तेलकट काळा डाग, मग भेग, मग बाग उपटणं. हा रोग येताना पाऊस-वाऱ्याबरोबर येतो, तसा कात्रीबरोबरही येतो. म्हणून कात्री औषधात बुडवून घ्यायची, झाडागणिक. माझ्या एका अशिलाच्या बागेत मी हिशेबाच्या सह्या घ्यायला गेलो तर त्याने मला फाटकात अडवलं. ‘साहेब, आधी बूट.’ पाटीत औषधाचं पाणी. मी बूट बुडवले, पायमोजेही भिजले. तोच माणूस पतसंस्थेच्या सभेला चपला बाहेर काढून येतो आणि पाच मिनिटांत चपलांबरोबर निघून जातो. फाटकात बूट बुडवायला त्याला कुणी सांगितलं होतं? शेजारच्या बागेने. शेजारची बाग गेली होती.

आणि यंत्रमाग. हे गाव विणकरांचं, इथे धागा तुटल्याचा आवाज झोपेतही ओळखतात. विजेचा विषय निघाला तर संघटनेची सभा अर्ध्या तासाची वाट बघत नाही, आधीच भरते. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने यंत्रमागांना विजेवर जादा सवलत जाहीर केली, २७ अश्वशक्तीच्या आत असाल तर युनिटमागे १ रुपया, वर असाल तर ७५ पैसे. त्या दिवसांत मला कॅम्प रोडवर लोकांनी थांबवून अश्वशक्ती विचारली. सभासदाचा ‘प्रवास’ म्हणतात तो बहुधा माझ्या ऑफिसचा जिना चढण्याचाच असावा. भाच्याने आलेखात तो धरलेला नव्हता.

पण सवलत म्हणजे शिक्षण नव्हे. शिकून घ्यावं लागेल अशीही एक योजना आली होती. साध्या मागाला सुधारणांची जोड बसवायची, त्यात मुख्य म्हणजे धागा तुटला की माग आपोआप थांबवणारी यंत्रणा, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकार देणार. केंद्राने २०१७ च्या १ एप्रिलला भिवंडीत पॉवरटेक्स इंडिया सुरू केली, तिच्यातही ही सुधारणा होती. गोष्ट कामाची होती. आडवा धागा तुटला आणि माग तसाच धडधडत राहिला तर कापडात जी जागा रिकामी राहते तिच्यावर व्यापारी बोट ठेवतो आणि भाव पाडतो. तर अशा सुधारणांवर एक कार्यशाळा झाली, कुणी घेतली ते महत्त्वाचं नाही. बॅनर, दीपप्रज्वलन, पिशवी, पिशवीत वही. अधिकारी इंग्रजीत बोलले, त्याचं हिंदी झालं, हिंदीचं इथलं उर्दू समोरच्यांनी मनात केलं. तीन भाषांत मिळून माग एकदाही थांबला नाही, कारण तिथे माग नव्हताच. चित्र होतं.

रोचडेलच्या विणकरांची गोष्ट मी त्या दिवशी बोलायची म्हणून पाठ करून गेलो होतो, वेळ मिळाला नाही, इथे सांगतो. १८४४ साली इंग्लंडमधल्या रोचडेल गावात २८ कारागीर मंडळींनी, त्यात बरेचसे विणकर, दुकान काढलं. पीठ, साखर, लोणी, असलं साधं. सहकाराचा जगभरचा पाया तो. त्यांनी पुढे नफ्यातला अडीच टक्के वाटा शिक्षणासाठी बाजूला काढायला सुरुवात केली आणि दुकानाच्या माडीवर वाचनखोली थाटली. खाली लोणी, वर वर्तमानपत्र. माणूस लोणी घ्यायला येई आणि वर जाई. आपल्याकडेही संस्थांकडून शिक्षण निधी घेतला जातो. खालचं लोणीही घेतलं जातं. माडी तेवढी बांधायची राहिली.

मालेगावला शिकवणारं कुणी लागतं असं ज्याला वाटतं त्याने इथल्या सिनेमावाल्यांकडे बघावं. नासिर शेखने व्हिडिओ पार्लर चालवता चालवता सिनेमे कापायला आणि जोडायला शिकून घेतलं आणि ‘मालेगाव के शोले’ काढला. फिरत्या कॅमेऱ्यासाठी सायकल, क्रेनसाठी बैलगाडी. पुढच्या एका सिनेमात यंत्रमागावर राबणारा पोरगा सुपरमॅन झाला. त्या सिनेमाच्या घडणीवर २००८ मध्ये फैज़ा अहमद खानने माहितीपट केला, पुढे रीमा कागतीने हिंदी सिनेमा केला, तो २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गेला. या मंडळींच्या कुठल्याही संघटनेचं वार्षिक इतिवृत्त माझ्याकडे कधी आलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी माग बंद होते. किदवई रोडच्या एका गल्लीत चहाच्या बाकावर बसलो होतो, अन्सारीभाईंकडून बिलं घ्यायची होती. (अन्सारी म्हटल्याने कुणाची ओळख उघडी पडत नाही. त्या रस्त्यावर ‘अन्सारी’ अशी हाक मारा, निम्मा रस्ता वळून बघेल.) बाकाच्या टोकाला एक जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, बावीस-तेवीसचा. त्याच्याभोवती सहा-सात जण, त्यातले दोघे त्याच्या वडिलांच्या वयाचे. पोरगा त्यांना काड्यापेटीतल्या काड्या आणि बनियनमधून ओढलेला दोरा घेऊन काहीतरी दाखवत होता. सायकलचा स्पोक वाकवून त्याने धागा तुटल्यावर माग थांबवणारी काटी बनवली होती. ती कापडाच्या कडेला कुठे बसवायची आणि किती दाबायची हे चाललं होतं.

‘ज़्यादा दबाओगे तो अच्छे धागे पे भी रुकेगा,’ तो म्हणाला.

‘और कम?’ एक म्हातारा.

‘कम में तो अभी जैसा चल रहा है वैसाच चलेगा, चचा.’

म्हाताऱ्याने काडी स्वतःच्या हातात घेतली. दोरा सुटला, पुन्हा बांधला. चहा गार झाला, दुसरा सांगितला गेला, तोही गार. भाईंनी बिलं काढून ठेवली होती, मी ती उचलायची विसरलो. मला त्यातलं अर्धंच कळत होतं तरी मी पुढे सरकलो होतो. पलीकडच्या दुकानातला एक जण शटर अर्धं ओढून आला, त्याच्या मागे त्याचा पोरगा. मोजले तर अकरा. आमच्या दोन संघटनांची गणपूर्ती यात बसली असती.

सवय वाईट. मी बॅगेतून कोरा कागद काढला, वर तारीख टाकली, ‘उपस्थिती’ असं लिहून खाली रेघ मारली आणि म्हटलं, ‘ज़रा सब लोग साइन…’

एकाला बीम भरायचं आठवलं. एकाला दवाखान्यातून औषध आणायचं होतं. दुकानदार शटरकडे धावला. म्हाताऱ्याने काडी पोराच्या हातात ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी कागदाची घडी घालायला लागलो.